जुना चेनसॉ दुरुस्त करताना: दोरी ओढण्याआधी काय काय बघायचं

जुना चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, हाती लागला की बहुतेक जण टाकीत पेट्रोल ओततात आणि स्टार्टरची दोरी ओढायला लागतात. हे काम खरं तर सर्वांत शेवटी करायचं असतं. कित्येक वर्षं पडून राहिलेल्या इंजिनात क्रँकची, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याची, सील कडक झालेली असतात, कार्ब्युरेटरमधला डायफ्रॅम, म्हणजे पातळ लवचिक पडदा, ताठरलेला असतो, सिलेंडरच्या भिंतीवर गंज चढलेला असू शकतो. अशा अवस्थेत ते सुरू झालंच, तर फटींतून जादा हवा आत शिरते आणि पेट्रोलचं प्रमाण घटतं. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणही पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळे पेट्रोल घटलं की तेलही घटतं. इंजिन तापतं आणि काही मिनिटांत पिस्टन खरवडला जातो. हा पिस्टन आता कुठल्याही कारखान्यात बनत नसण्याची शक्यता मोठी. तुटलेला भाग शोधण्यात वर्ष घालवण्यापेक्षा आठवडाभर थांबून यंत्र नीट उघडून बघणं केव्हाही चांगलं.

काय घ्यायचं, काय सोडायचं

संग्रहाला सुरुवात करताना काळाची थोडी ओळख हवी, कारण प्रत्येक काळातल्या यंत्राचं दुखणं वेगळं. सुरुवातीच्या करवती दोन माणसांच्या होत्या. आंद्रेआस श्टिल यांनी 1926 साली बनवलेली विजेवरची करवत 64 किलोची होती, आणि एमिल लेर्प यांनी 1927 मध्ये जर्मनीतल्या डोल्मार डोंगरावर चाचणी घेतलेली पेट्रोलवरची करवत 58 किलोची. अशी यंत्रं मिळाली तर भाग्यच, पण ती पहिल्या प्रकल्पासाठी नव्हेत.

एका माणसाला पेलेल असा चेनसॉ दुसऱ्या महायुद्धानंतर आला. 1949 चा मकलॉक 3-25 हा 25 पौंडांचा, म्हणजे साधारण 11 किलोचा. त्या काळातल्या अनेक यंत्रांत इंजिन आणि साखळी यांच्यामध्ये गिअर असतात. काहींत फ्लोटचा कार्ब्युरेटर असतो, तो आडवा झाला की पेट्रोलची पातळी बिघडते आणि इंजिन मरतं. म्हणून इंजिन उभंच ठेवून पुढचा बार, म्हणजे साखळी ज्याभोवती फिरते ती पट्टी, फिरवण्याची सोय केलेली असायची. डायफ्रॅमचे कार्ब्युरेटर आले आणि यंत्र कुठल्याही कोनात धरता येऊ लागलं. 1959 मध्ये श्टिलचा काँट्रा आला, गिअर नसलेला, क्रँकवरून थेट साखळी फिरवणारा. हस्क्वार्नाचा पहिला चेनसॉ, मॉडेल 90, हाही 1959 चाच. 1960 च्या दशकात होमलाइटचा एक्सएल-12 आला. बार आणि साखळी सोडून त्याचं वजन जेमतेम 12 पौंड.

नवख्यानं गिअर नसलेलं, डायफ्रॅम कार्ब्युरेटरचं, खूप संख्येनं बनलेलं मॉडेल निवडावं असं मी आग्रहानं सांगेन. एक्सएल-12 आणि त्याच्याच कुटुंबातली सुपर एक्सएल, किंवा श्टिल 041 यांचे सुटे भाग अजून फिरत असतात, मॅन्युअल मिळतात आणि स्क्रूपर्यंत हात पोचतो. शक्य असेल तर एकाच मॉडेलची दोन यंत्रं घ्या, त्यातलं वाईट यंत्र भागांसाठी. पुढे संग्रह वाढवताना एक धागा धरावा: एकच कंपनी, एकच दशक किंवा एकच रचना. दिसेल ते उचलत गेलं की दहा वेगवेगळे कार्ब्युरेटर, दहा वेगवेगळे बार असा पसारा होतो आणि पूर्ण काहीच होत नाही.

घेताना यंत्र चालू आहे की बंद याला मी फार महत्त्व देत नाही. ते पूर्ण आहे का, हे जास्त महत्त्वाचं. सील, गॅस्केट, पेट्रोलची नळी या गोष्टी नव्या मिळतात. एअर फिल्टरचं मूळ झाकण, टाक्यांची बुचं, चोकची मूठ, स्टार्टरचं कव्हर, क्लचवरचं कव्हर यांतलं काही हरवलं असेल तर तेवढ्या एका भागासाठी दुसरं यंत्र शोधावं लागतं. कास्टिंगला तडा आहे का ते बघा, विशेषतः हँडल आणि बार जिथे बसतात तिथे. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाचं जड चाक, धरून वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलं.

उघडण्याआधीची परीक्षा

स्पार्क प्लग काढायच्या आधी एक सोपी चाचणी करा. स्टार्टरची मूठ धरून यंत्र जमिनीपासून थोडं वर, नुसतं दोरीवर सोडा. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर ते टप्प्याटप्प्यानं, अडखळत खाली येतं. सरळ घसरलं तर रिंग, पिस्टन किंवा सिलेंडर यांपैकी काहीतरी झिजलंय. दोरी मात्र आधी तपासा, कुजलेली असेल तर यंत्र पायावर पडेल. दोन माणसांच्या यंत्रावर ही चाचणी करूच नका. दाब मोजणारा गेज असेल तर आकडा घ्या: 120 ते 150 पीएसआय (दाबाचं एकक) समाधानकारक, 100 च्या खाली गेल्यास इंजिन उघडायची तयारी ठेवा.

मग सायलेन्सर काढा. दोन-तीन स्क्रूंचं काम, पण यातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातूनही कळत नाही. धूर बाहेर पडतो त्या तोंडातून टॉर्च मारून पिस्टन हळूहळू फिरवा. पिस्टनच्या बाजूवर कारखान्यात घडवतानाच्या मूळ आडव्या बारीक रेषा दिसल्या तर ते उत्तम लक्षण. उभे ओरखडे, फासटलेलं ॲल्युमिनियम दिसलं तर इंजिन कधीतरी तेलाविना किंवा जादा हवेवर चाललंय, आणि ते का झालं ते शोधल्याशिवाय नवा पिस्टन बसवण्यात अर्थ नाही. तो पिस्टनही त्याच वाटेनं जाईल.

इंजिन जाम असेल तर जोर लावू नका. प्लगच्या भोकातून आणि सायलेन्सरच्या तोंडातून गंज सोडवणारं पातळ तेल सोडा आणि काही दिवस विसरून जा. मग फ्लायव्हील हातानं इंचाचा काही भाग इकडे, काही भाग तिकडे असं हलवून बघा. सुटेपर्यंत हेच. पिस्टनवर ठोकलं की रिंग तुटतात.

खोलताना

प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. स्क्रू काढले की पुठ्ठ्यावर त्या भागाची आकृती काढून ज्या त्या जागी खोचून ठेवा, कारण लांबीत थोडाच फरक असलेला स्क्रू चुकीच्या भोकात गेला की आतल्या कास्टिंगला टोचतो. अमेरिकन यंत्रांत इंची आटे असतात, जर्मन आणि स्वीडिश यंत्रांत मेट्रिक. जवळपास बसतो म्हणून चुकीचा स्क्रू फिरवलात तर मऊ धातूतले आटे गेलेच म्हणून समजा.

हा मऊ धातू बहुतेक वेळा मॅग्नेशियम असतो. पोलादी स्क्रू मॅग्नेशियममध्ये वर्षानुवर्षं राहिला की दोघांच्या मध्ये पांढरी पूड धरते आणि स्क्रू घट्ट बसतो. आदल्या रात्री तेल सोडा, दुसऱ्या दिवशी हॉट एअर गननं आजूबाजूचा भाग गरम करा, आणि हातोडीच्या ठोक्यानं फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. ज्योत वापरू नका. मॅग्नेशियमचा चुरा सहज पेटतो आणि पेटला की त्यावर पाणी ओतणं फार धोक्याचं. ग्राइंडर चालवायचाच असेल तर चुरा साठू देऊ नका आणि कोरडी वाळू हाताशी ठेवा. आटे गेलेल्या भोकात तारेच्या वेटोळ्याचा इन्सर्ट बसवता येतो, तो मूळ आट्यांपेक्षाही मजबूत ठरतो.

क्लच काढताना पुष्कळ जण फसतात. गिअर नसलेल्या बहुतेक चेनसॉंवर क्लचचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवल्यावर तो सुटतो. अनेक क्लचवर बाणाची खूण असते, ती आधी शोधा. क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून पिस्टनवर दोरी भरा. पिस्टन वर येताना सिलेंडरमधली सगळी तोंडं बंद झाल्यावरच ती आत सारा, नाहीतर दोरी तोंडात अडकून चिरडते. लोखंडी थांबा वापरला तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडू शकतं. फ्लायव्हील पुलरनं काढा. त्याच्या पंख्याच्या पात्यांखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, पाती तुटतात आणि मग चाक असंतुलित होतं.

धुण्यासाठी आधी लाकडी पट्टीनं चिकटलेला भुसा खरवडा, मग रॉकेल आणि ब्रश, शेवटी भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी, आणि लगेच वाळवणं. गंज काढायला घरात वापरतात ती आम्लं, अगदी व्हिनेगरसुद्धा, मॅग्नेशियम खातात. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. अशी यंत्रं या दोन्ही धातूंची असल्यामुळे दोन्ही गोष्टी दूर ठेवा. जुन्या रंगात शिसं आणि जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. हे भाग कोरडे घासू नका, ओले करून काढा, मास्क लावा.

ठिणगी

1970 च्या आसपासपर्यंतच्या बहुतेक चेनसॉंत फ्लायव्हीलच्या खाली पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारा विजेचा संपर्क) आणि त्याच्या जोडीचा कंडेन्सर असतो. ठिणगी येत नाही याचं कारण बहुधा कॉइल नसतं. पॉइंटच्या दोन टोकांवर बसलेलं काजळी-ऑक्साइडचं पापुद्र्यासारखं आवरण हे कारण असतं. बारीक कानशीचे दोन हात फिरवा, मग सॉल्व्हंटमध्ये बुडवलेला जाड कोरा कागद दोन टोकांमधून ओढा. कागद स्वच्छ निघेपर्यंत ओढत राहा. पॉइंट जास्तीत जास्त उघडलेला असताना अंतर बहुतेक यंत्रांत 0.015 इंच, म्हणजे सुमारे 0.4 मिलिमीटर ठेवतात. अंतर मोजायच्या पातळ पट्ट्यांना, म्हणजे फीलर गेजला, तेलाचा अंश राहू देऊ नका, तेवढ्यानं पुन्हा ठिणगी जाते. फ्लायव्हीलचा चुंबक आणि कॉइल यांतलं अंतर साधारण 0.010 इंच असतं. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर अर्थातच तो पाळा.

फ्लायव्हील परत बसवण्याआधी त्याची चावी, म्हणजे त्याला क्रँकवर नेमक्या जागी अडकवणारा छोटा धातूचा तुकडा, बघा. ती थोडीशी जरी कातरली गेली असेल तर ठिणगी चुकीच्या क्षणी पडते, आणि मग सगळं ठीक असूनही इंजिन उलटं झटकतं. असा दोष माणूस महिनोन्महिने कार्ब्युरेटरमध्ये शोधत राहतो. ठिणगी तपासताना प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, म्हणून टेस्टर भोकापासून लांब धरा.

कार्ब्युरेटर आणि पेट्रोलचा मार्ग

टिलटसनचा एचएल हा कार्ब्युरेटर असंख्य जुन्या यंत्रांवर दिसतो आणि त्याचे दुरुस्तीचे किट अजून मिळतात. किटमध्ये दोन डायफ्रॅम, गॅस्केट, सुई आणि जाळी असते. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची बाजू आणि पेट्रोल मोजून देणारी बाजू, दोन्हीकडे गॅस्केट आणि डायफ्रॅम यांचा क्रम सारखा नसतो, म्हणून उघडतानाचा फोटो इथे उपयोगी पडतो. सुई उघडणारी छोटी तरफ किती उंच असावी हे मॉडेलनुसार बदलतं. अनेक टिलटसनमध्ये ती खोबणीच्या तळाशी समपातळीत असते. फार उंच राहिली तर इंजिन पेट्रोलनं गुदमरतं, फार खाली गेली तर उपाशी राहतं. भोकं साफ करायला तार वापरू नका. कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

नळ्या सरळ नव्या घाला. पेट्रोलमधल्या इथेनॉलला टिकणारी नळी घ्या, जुन्या रबराला आणि कॉर्कच्या गॅस्केटला इथेनॉल सोसत नाही. टाकीतला फिल्टर आणि टाकीच्या बुचातला हवेचा झडपवजा मार्गही बघा. तो बुजला असेल तर इंजिन पाच मिनिटं छान चालून बंद पडतं, आणि बूच सैल केलं की पुन्हा चालतं.

हवा कुठून गळते

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा. सायलेन्सरच्या आणि कार्ब्युरेटरच्या जागी रबराचा तुकडा लावून तोंडं बंद करा, प्लगच्या भोकातून किंवा कार्ब्युरेटरच्या बाजूनं हातपंपानं साधारण 7 पीएसआय हवा भरा आणि काटा बघा. तो घसरत असेल तर साबणाचं पाणी लावा. क्रँकची दोन्ही सील, सिलेंडरच्या तळाचं गॅस्केट, क्रँककेसचा सांधा, जिथे बुडबुडे तिथे गळती. यानंतर उलटी, म्हणजे निर्वाताची चाचणीही घ्या. आतून दाब आला की सीलची कड शाफ्टवर दाबली जाते आणि दोष लपतो. ओढ लागली की तीच कड सुटते आणि हवा आत घेते. फक्त दाबाची चाचणी करून समाधान मानणारे पुष्कळ असतात, आणि मग पिस्टन जळतो.

सील कंपनीच्या नावानं शोधत बसू नका. शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापं व्हर्नियरनं घेऊन बेअरिंग-सील विकणाऱ्याकडे गेलात तर बऱ्याचदा प्रमाणित मापाचंच निघतं. पेट्रोलला टिकणारं, व्हायटॉन नावाच्या रबराचं मागा. रिंगही बोअर आणि जाडी यांवरून मिळते. ती अडवणारी पिन पिस्टनवर कुठे आहे ते पाहून रिंगची तोंडं तिच्यावर बसवा.

रंग लावायचा का?

माझं मत स्पष्ट आहे: मूळ रंग आणि स्टिकर साठ टक्के जरी शिल्लक असतील तरी हात लावू नका. वापरानं हँडलजवळ झिजलेला रंग, बारच्या बाजूला साखळीनं काढलेले चरे, हे त्या यंत्रानं केलेल्या कामाचे पुरावे आहेत आणि ते एकदा घासले की परत येत नाहीत. स्वच्छ करून वॅक्स पुरे. रंग खरोखर गेलाच असेल तर उघड्या मॅग्नेशियमवर एपॉक्सी प्रायमर आणि वर पेट्रोलला टिकणारा टू-के, म्हणजे दोन घटक मिसळून लावायचा, रंग द्या. साधा रंग पहिल्या सांडलेल्या पेट्रोलात सुटतो.

सुरू करणं

जुन्या पुस्तिकांत पेट्रोल आणि तेल यांचं प्रमाण 16:1 किंवा 20:1 दिलेलं असतं, ते त्या काळच्या साध्या तेलासाठी. आजचं चांगलं टू-स्ट्रोक तेल वापरणारे संग्राहक बहुधा 32:1 ठेवतात, म्हणजे लिटरमागे सुमारे 31 मिलिलिटर. कार्ब्युरेटरवरच्या बाहेरून फिरवायच्या दोन्ही सुया (एक कमी वेगाची, एक जास्त वेगाची) हलक्या हातानं बंद करून एकेक फेरा उघडा. पहिल्यांदा साखळी न लावता, यंत्र जमिनीवर दाबून धरून सुरू करा, आणि बिनलोड पूर्ण वेग देऊ नका. गरम होऊ द्या, थंड होऊ द्या, सिलेंडर आणि सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा आवळा.

मग बार-साखळी लावून खरं ट्यूनिंग. कमी वेगाची सुई अशी ठेवा की थ्रॉटल दाबताच इंजिन न अडखळता उचल घेईल. आयडलला, म्हणजे थ्रॉटल सोडलेला असताना, साखळी हलता कामा नये. जास्त वेगाची सुई अशी की मोकळ्या पूर्ण वेगात आवाज किंचित फुरफुरता येईल आणि लाकडात घातल्याबरोबर सरळ होईल. मोकळ्या वेगातच सुरेल, तीक्ष्ण आवाज येत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. कानाला तो कितीही गोड वाटला तरी सुई उघडा.

यांतल्या बहुतेक यंत्रांना साखळीचा ब्रेक नाही. आपोआप लागणारे ब्रेक 1970 च्या दशकात आले. बारचं टोक लाकडाला लागलं तर ते उलटून अंगावर येतं आणि थांबवणारं काही नसतं. टोकानं कापू नका, कापताना संरक्षक पँट, हेल्मेट, कानाची कव्हरं घाला. कंपरोधक हँडलही बहुतेकांना नसतं, आणि दीर्घकाळ कंपनानं बोटांचा रक्तपुरवठा बिघडतो, बोटं पांढरी पडतात. थोडा वेळ चालवा, मोठ्या कामाला नवं यंत्र घ्या.

साखळी मापूनच घ्या. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर, भागिले दोन, म्हणजे पिच, साखळीचं मुख्य माप. आज 3/8 आणि 0.404 इंचाच्या साखळ्या सहज मिळतात, जुनी 7/16 किंवा 1/2 इंची मिळणं कठीण. कधी कधी मूळ बार जपून ठेवून स्प्रॉकेटच, म्हणजे साखळी फिरवणारं दातेरी चाकच, बदलणं सोयीचं पडतं. सरळ काट्यांसारखे दात असलेली साखळी मिळाली तर ती कापायला न वापरता ठेवून द्या. लाकूडतोडे जोसेफ कॉक्स यांनी 1946 मध्ये बुंधा पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून छिलणाऱ्या, वाकड्या दातांची साखळी रचली, आणि काटेरी साखळी मागे पडत गेली. तेल देण्याची सोय अनेक जुन्या यंत्रांत अंगठ्यानं दाबायच्या पंपाची असते. कापताना दर काही सेकंदांनी तो दाबत राहायचा, नाहीतर बार निळा पडतो.

ठेवताना

टाकी रिकामी करा, उरलेल्या पेट्रोलवर इंजिन आपोआप बंद पडू द्या, प्लगच्या भोकातून थोडं टू-स्ट्रोक तेल सोडून दोरी दोनदा हळू ओढा, आणि कॉम्प्रेशन लागेल तिथे पिस्टन थांबवा. तोंडं बंद राहतात आणि ओल आत जात नाही. साखळीचं तेलही काढा, नाहीतर ते फडताळावर झिरपत राहतं. आणि प्रत्येक यंत्राला एक चिठ्ठी बांधा: मॉडेल, सिरियल नंबर, सील आणि बेअरिंगची मापं, प्लगचा नंबर, पॉइंटचं अंतर, सुयांचे फेरे, कॉम्प्रेशनचा आकडा आणि तारीख. दोन वर्षांनी तोच आकडा पुन्हा घेऊन खाली लिहा.